अप्पांच्या प्लांटात ‘लाव’ नव्हतं

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानंच फोन कानाशी धरला. पलीकडे औशाहून त्यांचा पुतण्या बोलत होता. ‘अक्का, काका गेले. सकाळी चहा मागितला, चहा येईस्तोवर बसल्या जागीच... माती आजच हाय, दुपारनंतर.’ तव्यावरची भाकरी करपून घरभर वास सुटला, तेव्हा कुठं मी गॅस बंद केला. सत्तरी ओलांडलेलं माणूस, आजार नाही, अंथरूण नाही, कुणाला त्रास नाही. चांगलं मरण आलं असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. पण जीपमध्ये बसले, लातूर मागं पडलं, आणि छातीत एकच धडधड सुरू झाली. ती अप्पांसाठी नव्हती. अप्पा तर गेलेच होते. मनात एकच चाललं होतं, नागेश येईल ना?

नागेश म्हणजे माझा धाकटा भाऊ. लातूरजवळच्या ज्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात अप्पांनी प्लांटप्रमुख म्हणून आयुष्य काढलं, तिथं आज त्यांच्या जागेवर तो आहे. मीही तिथल्याच लॅबमध्ये तेल तपासता तपासता म्हातारी झाले. नागेशचा जीव अप्पांनी वाचवला होता. गेलेल्या माणसाला मोठेपणा द्यावा म्हणून लिहीत नाही, खरोखर वाचवला होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत. गावातलं आणखी कुणी आलं नसतं तरी चाललं असतं, पण नागेशनं अप्पांना खांदा द्यायलाच हवा होता. आणि तो आला नाही.

आम्हा लिंगायतांत अग्नी देत नाहीत, बसवून माती देतात. आयुष्यभर ठिणगीशी उभं वैर धरलेल्या माणसाला शेवटीही आग शिवली नाही, हे मनात आलं आणि मला रडता रडता हसू फुटलं. शेताच्या कडेला खड्डा केला होता. स्वामी मंत्र म्हणत होते, बेलाची पानं पडत होती, आणि माझे डोळे सारखे रस्त्याकडं. नागेशचा फोन वाजून वाजून थांबायचा. तो उचलणार तरी कसा? प्लांटात फोन नेत नाहीत, सगळ्यांचे फोन गेटवर ठेवून घेतात. शेवटी मी गेटवरच फोन केला. वॉचमन म्हणाला, ‘साहेब आत हायत. निरोप सकाळीच दिलाय.’ ‘दिलाय? मग?’ ‘मग काय न्हाई. ऐकलं, जरा उभे राहिले अन् आत गेले.’ माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. तिकडं माती पडत होती आणि इकडं माझ्या मागं दोन म्हातारे बोलत होते, ‘ज्याला घडवला त्योच आला न्हाई बगा. खुर्ची मिळाली की संपलं.’ मी मान खाली घातली. माहेरची अब्रू अशी भर दुपारी चारचौघांत जाताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

अप्पांचं पूर्ण नाव मन्मथअप्पा. औशात वडिलांचं किराणा दुकान. केमिकल इंजिनिअर होऊन बाहेरच्या मोठमोठ्या कारखान्यांत राहिले, आणि आईचे डोळे अधू झाले तेव्हा सगळं सोडून इकडं आले. मी देवणीकडच्या एका खेड्यातली, उदगीरला बीएस्सी झालेली. मुलाखतीला तीन-चार जाडजूड पुस्तकं घोकून गेले होते. अप्पांनी माझ्या कागदांकडं पाहिलंसुद्धा नाही. ‘नाक कसं हाय तुझं?’ मी गडबडले. वाटलं, लग्नाचंच बघून राहिलेत की काय हे! ‘सर्दी सारखी होते का?’ न्हाई म्हटलं. ‘मग ये सोमवारपासून.’ नंतर मला कळलं की ते थट्टा करत नव्हते. सोयाबीनचा चुरा करून तो हेक्झेन नावाच्या पातळ द्रवानं धुतात. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचा भाऊच समजा. त्यात तेल उतरतं. मग वाफेची उष्णता देऊन हेक्झेन उडवतात, गार पाण्याच्या नळ्यांवर त्याला पुन्हा पातळ करतात आणि पुन्हा वापरतात. खाली तेल राहतं, बाजूला पेंड पडते. ऐकायला किती सोपं! पण त्या उडालेल्या हेक्झेनला कुठून फट मिळाली, की ते वर जात नाही, मांजरासारखं जमिनीवरून पायाशी लोळत जातं. दिसत नाही. कुठं एक ठिणगी भेटली की मग प्लांट नाही आणि माणसंही नाहीत.

‘पहिल्या दिवशी जे येतं ते खरं नाक,’ अप्पा म्हणायचे. ‘महिन्यानं तेबी पगारी होतं.’ म्हणून कारखान्यात कुणी पाहुणा आला, अगदी पेंड न्यायला आलेला ट्रक ड्रायव्हर असला, तरी त्याला चहा द्यायचे आणि विचारायचे, ‘वास येतो का हो काही?’ तो ‘हाव, जरा येऊन राहिला’ म्हणाला की अप्पा चहा तसाच ठेवून उठलेच. जुनी माणसं हसायची. मीसुद्धा हसले आहे. पण त्या विचारण्यातून गळणारा एक सांधा सापडलेला मी पाहिलाय, आणि तेव्हापासून हसणं बंद झालं.

दुसरी गोष्ट तोंडं बघायची. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी अप्पा गेटवर उभे. हजेरी घ्यायला दुसरा माणूस होता, हे फक्त तोंडं बघायचे. ‘काय रे, झोपला न्हाईस?’ ‘घरी भांडण करून आलास व्हय?’ श्रावणी सोमवारचा कडक उपास धरलेला माणूस त्या दिवशी वर प्लांटात चढणार नाही, मग तो कितीही मोठा शिवभक्त असो. अप्पांच्या स्वतःच्या गळ्यात लिंग होतं, रोज पूजेशिवाय पाणी घेत नव्हते, पण म्हणायचे, ‘तुझा उपास महादेवाला समजतो, व्हॉल्व्हला न्हाई समजत.’ ज्याचं चित्त ठिकाणावर नाही त्याला वजनकाट्यावर, गोदामात, नाहीतर झाडांना पाणी घालायला. पगार पूर्ण. एकदा माझी सासू दवाखान्यात होती. मी तोंड धुऊन, पावडर फासून, अगदी हसत गेटवर आले. अप्पा म्हणाले, ‘आज लॅब न्हाई. गोदामात जाऊन रिकामी पोती मोज.’ मी तिथंच भांडले. ‘मी काय लहान पोर आहे का अप्पा?’ ‘न्हाईस, म्हणून तर नीट सांगून राहिलो.’ पाय आपटत गेले, पोती मोजली, आकडा आणून त्यांच्या टेबलावर आदळला. त्यांनी पुन्हा पाठवलं. दुसऱ्यांदा वेगळाच आकडा आला. तिसऱ्यांदा तिसराच! मलाच रडू कोसळलं, आणि त्यांनी कारखान्याची जीप काढून मला दवाखान्यात पाठवलं.

आता तो दिवस सांगते. नागेश तेव्हा विशी-पंचविशीतला, तगडा, नवाच ऑपरेटर झालेला, आणि जरा शहाणा. म्हणजे नको तितका शहाणा. प्लांटात लोखंडी हत्यार न्यायचं नाही, ठिणगी पडते म्हणून पितळी पाने वापरायचे, हा नियम त्यालाही पाठ होता. पण पितळी पाना घसरतो म्हणून हा पठ्ठ्या पँटच्या मागं खोचून लोखंडी पाना वर घेऊन गेला होता. शिफ्ट सुपरवायझर होते गंगाधरराव, निलंग्याकडचे, अनुभवी माणूस. दुपारी अचानक गार पाण्याचा पंप बसला. पाणी थांबलं म्हणजे उडालेलं हेक्झेन गार होणार नाही, म्हणजे आधी वाफ तोडायला पाहिजे. गंगाधरराव खालून जिवाच्या आकांतानं ओरडले, ‘नागेश, वाफेचा व्हॉल्व्ह लाव! व्हॉल्व्ह लाव लवकर!’

आणि नागेशनं लावला. पाना अडकवून, सगळी ताकद काढून, पूर्ण उघडला.

हसू नका. मराठी माणूस असाल तर हसू नका. गंगाधररावांच्या घरात दार लावायचं, कडी लावायची, झाकण लावायचं. लाव म्हणजे मिटव. आमच्या घरात विहिरीवरची मोटार लावायची, पंखा लावायचा, दिवा लावायचा. लाव म्हणजे सुरू कर. दोघंही शुद्ध मराठी बोलत होते, दोघंही अगदी बरोबर होते. आपल्या भाषेनं एकाच शब्दात उघडणं आणि मिटणं घालून ठेवलंय आणि पिढ्यानपिढ्या कुणाचं काही अडलं नाही, कारण दाराला आणि दिव्याला कळतं आपल्याला काय करायचंय. व्हॉल्व्हला कळत नाही.

बाहेर पडलेल्या हेक्झेनचा वास आधी माझ्या लॅबपर्यंत आला. लॅब कुंपणाच्या बाहेर होती. मी खिडकीतून पाहिलं तर प्लांटाच्या पायथ्याशी, डांबरी रस्त्यावर उन्हात हवा थरथरते ना, तसं काहीतरी हलत होतं. माणसं पळत सुटली होती. कुणी ‘मेन स्विच पाडा’ म्हणून ओरडत होतं. माझा हात आपसूक भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडं गेला, आणि खिडकीबाहेरून आवाज आला, मोठा नव्हता, पण असा की हात जागच्या जागी थांबावा. ‘अक्का, हात खिशात घाल.’ अप्पा होते. मला त्या घडीलाही काय सुचावं? ‘साडीला खिसा कुठाय अप्पा!’ ‘मग पदरात गुंडाळ. पण बटणाला शिवू नको. बंद करतानाबी ठिणगी पडते.’ आणि तेच वाक्य ते सगळ्यांना सांगत पुढं निघाले. कोणी काही चालू करू नका, कोणी काही बंद करू नका, हात खिशात. पळत नव्हते, चालत होते. मी त्या माणसाला इतका सावकाश चालताना कधी पाहिलं नव्हतं. डोळे वर, प्लांटाच्या माथ्यावर काठीला बांधलेल्या पांढऱ्या कापडाकडं. वारा कुठं चाललाय हे कळावं म्हणून ते त्यांनीच बांधलं होतं, आणि नवी माणसं ते देवाचं निशाण समजून खालून हात जोडायची. कापड रस्त्याच्या बाजूला उडत होतं. म्हणजे बॉयलरच्या आगीकडं वास जात नव्हता, पण रस्त्यावर जीपा होत्या. अप्पांनी दोन माणसांना शेतातून वळसा घालून रस्त्यावर पाठवलं, एकाला इकडं, एकाला तिकडं. ‘गाड्या लांबच अडवा. आडवे झोपा पाहिजे तर.’ आणि स्वतः बॉयलरच्या बाजूला गेले. तिथं कुंपणाबाहेर वाफेच्या मुख्य नळीवर त्यांनी एक जादा व्हॉल्व्ह बसवून घेतला होता. ‘एका वाफेला दोन-दोन व्हॉल्व्ह कशाला?’ म्हणून मालकांनी त्या वेळी किती कुरकुर केली होती! तो त्यांनी स्वतःच्या हातानं मिटवला. प्लांटातली वाफ तुटली.

पण नागेश वरच होता. लोखंडी जिन्याच्या माथ्यावर, हातात तो पाना घेऊन. आपण काय केलंय हे त्याला कळलं होतं आणि पोरगं लटलट कापत होतं. पाना हातातून सुटला असता तर तीन मजले लोखंडावर आपटत खाली आला असता, खाली जिथं तो वास साचला होता तिथं. आई डोळ्यापुढं आली. अप्पा कुंपणाशी, जिथवर जाता येत होतं तिथवर गेले आणि जेवायला बोलवावं तसं म्हणाले, ‘नागेश, पाना टाकू नको. खालीबी ठेवू नको. दोन्ही हातांनी पोटाशी धर. बाळाला धरतात तसा. आता बस. तिथंच बस.’ तो बसला. ‘वास जाईस्तोवर तुला काही काम न्हाई. मी हितंच हाय. देवणीच्या बाजारात यंदा बैलांना काय भाव हाय, सांग मला.’ आणि माझा भाऊ, त्या मरणाच्या माथ्यावर बसून, पाना पोटाशी धरून, तोंड कोरडं पडलेलं असताना देवणी बैलांचे भाव सांगत राहिला. कापड फडफडत राहिलं. वारा वाहत राहिला. किती वेळ गेला ते मी सांगू शकणार नाही. मग अप्पांनी स्वतः हवा तपासली, हवेतलं हेक्झेन दाखवणाऱ्या मीटरवर विश्वास ठेवला, तरी पुन्हा एकदा तपासली, आणि तेच जिना चढून वर गेले. त्याच्या हातातून पाना काढून घेतला तेव्हा नागेशची बोटं सुटत नव्हती, एकेक करून उघडावी लागली.

हे सगळं झाल्यावर मी त्यांना शोधत गेले तर अप्पा गोदामाच्या मागं एकटे दगडावर बसलेले, आणि हातातला पाण्याचा तांब्या इतका हलत होता की पाणी सदऱ्यावर सांडत होतं. मला पाहून म्हणाले, ‘भीती वाटली गं अक्का. बरं झालं. ज्या दिशी वाटणार न्हाई त्या दिशी मला हितून हाकला.’ मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. आयुष्यात देवळाबाहेर मी फारशी कुणापुढं वाकलेली नाही, माझा स्वभाव तसा नाही, पण त्या दिवशी वाकले.

मालक नागेशला काढायला निघाले होते. अप्पांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं, मालकांनाही, आणि विचारलं, ‘व्हॉल्व्ह लाव म्हणजे काय? ज्याला वाटतं मिटव, त्यानं मूठ दाखवा. ज्याला वाटतं उघड, त्यानं पंजा.’ निम्म्या मुठी आणि निम्मे पंजे! मालकांचा पंजा होता, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या सख्ख्या भावाची मूठ. अप्पा म्हणाले, ‘पाना नेला ती चूक नागेशची. त्याची सजा तो भोगंल. पण व्हॉल्व्ह उघडला ती चूक त्याची न्हाई, ती ‘लाव’ची हाय. अन् त्याहून मोठी माझी. इतकी वर्षं यंत्रं तपासून राहिलो, बोली तपासली न्हाई.’ त्या दिवसापासून प्लांटात ‘लाव’ मेला. उघड म्हणायचं किंवा मीट म्हणायचं. ऐकणाऱ्यानं तोच शब्द परत म्हणायचा आणि हात वर करून पंजा किंवा मूठ दाखवायची, मगच व्हॉल्व्हच्या चाकाला शिवायचं. आणि नागेशला सजा काय, तर वर्षभर प्रत्येक नव्या माणसाला गेटवर उभं करून आपली गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगायची. लोखंडी पान्यासकट. सुरुवातीला तो सांगताना रडायचा. पुढं पुढं चांगली सांगायला लागला.

आता गंमत ऐका. हे खूळ कारखान्यात थांबेना, घराघरांत शिरलं. आमच्याकडं दिवा पेटवतात आणि दार मिटतात. शांताकाकू, म्हणजे अप्पांच्या मंडळी, वैतागून म्हणायच्या, ‘मी कुंकू काय करू मग? उघडू का मिटू?’ नागेशच्या लग्नात स्वामींनी विचारलं, ‘लग्न किती वाजता लावायचं?’ तर मांडवातली अख्खी शिफ्ट एका सुरात ओरडली, ‘उघडायचं का मिटायचं?’ आणि सगळ्यांनी हात वर केले, त्यातही काही नालायकांच्या मुठीच होत्या! स्वामींना वाटलं मंडळी पिऊन आली आहेत. अप्पा इतके हसले की डोळे पुसत बाहेर गेले. काकूच एकदा मला म्हणाल्या, ‘एक लाव मात्र ह्यांना बंद करता आला न्हाई गं. पोरांना जीव लावायचे.’ हा लेख लिहितानाही, तुम्ही बघा तपासून, ही हकिकत सांगण्यापुरता सोडला तर मी तो शब्द कुठं येऊ दिलेला नाही. हात तसा वळतच नाही आता.

निवृत्त झाल्यावर अप्पा प्लांटाकडं फिरकले नाहीत. मी रागावले होते त्यावरून. म्हणाले, ‘मी आलो की पोरं माझ्याकडं बघतील, मीटरकडं न्हाई बघणार.’ त्यांच्या नावाचा सत्कार नाही, फलक नाही. सत्कार कशाचा करणार? पूल बांधला तर पूल दिसतो, शाळा काढली तर शाळा दिसते. ह्या माणसानं आयुष्यभर जे केलं ते म्हणजे काहीतरी होऊ दिलं नाही... आणि न झालेली गोष्ट दाखवायची कशी? कधी कधी मी बाजारात नागेशच्या पोरीला तिच्या मैत्रिणींबरोबर खिदळत जाताना बघते आणि अंगावर काटा येतो. ही पोरगी त्या दुपारच्या नंतरची आहे. ती जन्मली, चालली, शाळेत गेली, हे सगळं कुंपणाशी उभ्या राहून बैलांचे भाव विचारणाऱ्या माणसामुळं. आणि अशा किती पोरी, किती घरं, ज्यांना अप्पा कोण हे ठाऊकही नाही. याचा विचार करायला बसले की मला भोवळ येते. देव आहे की नाही यावर मी वाद घालत बसत नाही, पण इतकं कळतं की काही माणसं आपल्यामध्ये आणि मरणामध्ये गुपचूप उभी असतात आणि आपण त्यांना वाटेतून सरका म्हणतो.

म्हणून तर नागेशवर माझा इतका राग. माती झाली त्या रात्री मी औशातच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणसं बसलेली, शेजारणींनी पिठलं-भाकरी आणून ठेवलेली, आणि नागेश फाटकातून आत आला. दाढी वाढलेली, अंगावर प्लांटाचेच कपडे, कपड्यांना तोच वास. कुणी ‘ये’ म्हणेना. मीच उठले. माझं तोंड मला आवरत नाही, तेव्हाही आवरलं नाही. ‘आता आलास? कुणाच्या मातीला आलास? माती काल झाली! ज्यानं तुझी बोटं एकेक करून सोडवली त्याला मूठभर माती द्यायला तुला सवड झाली न्हाई? प्लांट मोठा झाला का तुझा?’

तो खाली बसला आणि जमिनीकडं बघत बोलू लागला. नवं सोयाबीन आलं होतं, काल हंगामातला पहिला दिवस. हेक्झेन फिरायला लागलेलं, वाफ चढायला लागलेली, तेवढ्यात गेटवरून बोलावणं आलं. ‘ऐकलं अक्का. परत आत गेलो. मीटरपुढं उभा राहिलो, तर आकडाच दिसंना. डोळे होते, पण दिसत नव्हतं. गेटवर अप्पा असते तर मला आत सोडलं असतं का? झाडांना पाणी घालायला पाठवलं असतं. पण सुरू केलेला प्लांट अर्धवट सोडून निघावं, तर बाकीच्या पोरांच्या जिवाचं काय? सगळीच रडून राहिलेली. मग ठरवलं, चालू ठेवायचाच न्हाई. उलटा घेतला. मालक लई ओरडले, ‘पहिल्याच दिवशी बंद?’ म्हणून. वाफ मिटवली, सगळं हेक्झेन टाकीत परत घेतलं, गार होऊ दिलं. दोघादोघांनी एकेक व्हॉल्व्ह बघायचा, मोठ्यानं बोलायचं, असं करून राहिलो. पहाट झाली.’ आणि मग अगदी हळू, ‘मला ठाऊक होतं माती होऊन जाईल.’

कालच्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक घसा खाकरून म्हणाला, ‘तरीबी... मातीला यायला पाहिजे होतं.’

तेव्हा शांताकाकू आतून बाहेर आल्या. कालपासून त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि नागेशला विचारलं, ‘सगळी पोरं घरी गेली का रे?’

मला काही कळलं नाही. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी माझ्या कानाशी सांगितलं. लग्न झाल्यापासून, अप्पा कारखान्यातून घरी आले की चप्पल काढायच्या आधी काकू हेच विचारायच्या. आणि ते ‘गेली’ म्हणेपर्यंत ताट वाढत नव्हत्या.

नागेशनं वर बघितलं. ‘गेली काकू. एकेक करून, सगळी गेली.’

‘मग जेव,’ काकू म्हणाल्या, आणि ताट घ्यायला आत वळल्या.